तीन शाळांच्या पटावर

मी लिफ्ट दुरुस्त करतो. या भागातल्या एकतीस लिफ्ट माझ्या अंगावर आहेत आणि एकतिसांपैकी एकीतही मी कधी अडकलो नव्हतो. यात फुशारकी नाही. दंतवैद्याचे दात किडलेले आणि मिस्त्री लिफ्टमध्ये अडकलेला, या दोन गोष्टी गिऱ्हाइकाने कधी पाहू नयेत, नाहीतर धंद्याची रया जाते. तर शाळेच्या पहिल्याच दिवशी, सकाळी सव्वासात वाजता, मी राहतो त्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये मी, माझी बायको, माझी सासू, माझा थोरला भाऊ आणि दहा डझन अंडी असे सगळे अडकलो. जिच्यावरून आमची भांडणं चालली होती ती आमची मुलगी तेवढी बाहेर राहिली.

मुलगी साडेसहा वर्षांची. तिला आम्ही भुंगा म्हणतो, कारण एकदा एखादा प्रश्न तिने धरला की दिवसभर तो आपल्या डोक्याभोवती फिरवते. बालवाडी आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर होती. म्हणजे सहाव्या मजल्यावरून लिफ्टने खाली, चार तासांनी लिफ्टने वर. पोरीने दोन वर्षं शिक्षण घेतलं आणि रस्ता म्हणून एकदाही ओलांडला नाही. आता पहिलीत जायचं म्हणजे खरी शाळा, आणि खऱ्या शाळेपाशी येऊन आमच्या घरात जुंपली. पोरीला वाढवायचं कुठे?

माझं म्हणणं साधं होतं. गावात. मी सहा वर्षांचा असताना शाळेत एकटा जायचो. साडेतीन किलोमीटर. वाटेत ओढा, ओढ्यावर फळी, पलीकडे कोणाकोणाची कुत्री. हात धरायला कोणी नाही, घ्यायला कोणी नाही. आज मी बारा मजल्यांच्या खड्ड्यात उतरून दोरखंडाला ग्रीस लावतो आणि माझा हात कापत नाही, तो त्या फळीमुळे, असं माझं पक्कं मत. शहरातली मुलं बघा. एक हात कायम आईच्या मुठीत. मला एवढंच हवं होतं, की माझी मुलगी आपल्या पायांनी, एकटी, शाळेत जावी. आणि हे शहरात कधी होणार नाही याची मला खात्री होती.

बायको म्हणायची, "तू गावात जाऊन दुरुस्त काय करणार? पाण्याची टाकी?"

हा मुद्दा बिनतोड होता, मी कबूल करतो. आमच्या गावात सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिला शिडी आहे. पण मी चौकशी केली होती. पुढच्या बाजारपेठेत बटाट्याचं शीतगृह आहे आणि तिथे माल चढवायची एक लिफ्ट आहे. एक. "एकीवर सुरुवात करता येते," असं मी म्हणालो, तर ती इतकी हसली की हातातली कवळी खाली पडली. ती कवळ्या बनवते, दातांच्या प्रयोगशाळेत. रंग जुळतो का ते उजेडात पाहायला घरी आणते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कायम दोन-चार लोकांचे दात आमच्याकडे बघून हसत असतात, आणि भांडणात ते तिच्या बाजूने आहेत असं मला नेहमी वाटतं.

ती स्वतः उपनगरात वाढली. तिथे घरांच्या रांगा आहेत, सगळी घरं सारखी, सारखं फाटक, सारखी तीन पायऱ्यांची ओटी. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथे एकटा गेलो तेव्हा आत शिरलो, चपला काढल्या, पेपर उघडला, आतून एका बाईंनी चहा आणून दिला. चहा पिऊन झाल्यावर कळलं की सासूबाईंचं घर दोन दारं पुढे आहे. त्या बाईंनाही मी नवऱ्याचा ऑफिसातला कोणी वाटलो होतो. बायको म्हणते, "सोळा वर्षं मी त्या ओटीवर बसून काहीतरी घडायची वाट पाहिली. घडलं काय, तर समोरच्यांनी फाटकाला रंग दिला." म्हणून तिला शहर हवं. तिच्या मते मुलांना वाचनालय हवं, पोहायचा तलाव हवा, आणि निदान तीन प्रकारची माणसं रोज दिसायला हवीत.

सासूबाईंना अर्थातच उपनगर हवं. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या, तेहतीस वर्षं, शेवटची अकरा वॉर्डप्रमुख. निवृत्त झाल्या तरी वॉर्ड सुटला नाही. "मुलाला हवा लागते, झोप लागते आणि आजी लागते," त्या म्हणायच्या. "तिन्ही माझ्याकडे आहेत. जावईबापू, तुमच्याकडे काय आहे? लिफ्ट."

वर्षभर हे चाललं. मग एक दिवस अचानक घरात शांतता पसरली. मी गावाचा विषय काढेना. बायको तलावाचा काढेना. सासूबाई फोनवर "तुम्ही म्हणाल तसं" असं म्हणू लागल्या, जे त्या आयुष्यात कोणाला म्हणाल्या नव्हत्या. मला वाटलं, बायकोने हात टेकले. बिचारीला वाईट वाटू नये म्हणून मी तिला दोनदा बाहेर जेवायलाही नेलं. तीही फार प्रेमाने वागत होती.

खरी गोष्ट अशी होती की मी दादामार्फत भुंग्याचं नाव गावच्या शाळेत घातलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, गावाबाहेर कोंबड्यांच्या चार शेड आहेत त्याच्या. बेत असा, की शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन येईल, आपण पोरीला गाडीत बसवू आणि मग बायकोला सांगू. गाडी सुरू झाल्यावर माणूस फार बोलू शकत नाही, असा माझा अंदाज. हा बेत भेकडपणाचा होता हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझ्या बायकोशी समोरासमोर वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्या सकाळी बायको साडेसहालाच उठून म्हणाली, "तिला जरा लवकर आवरू दे आज." हिला कळलं की काय? तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात दादा, दोन्ही हातांत अंड्यांची खोकी. त्याच्यामागे सासूबाई, खांद्याला शाळेचं नवं कोरं दप्तर. दोघं एकाच लिफ्टमधून वर आले होते आणि सहा मजले एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते.

"आई, तुम्ही?" मी म्हणालो.

"सहज," सासूबाई म्हणाल्या. तेहतीस वर्षं नोकरी केलेली बाई पहाटेची बस पकडून सहज कुठे जात नाही.

"भाऊजी, तुम्ही?" बायको दादाला म्हणाली.

"अंडी," दादा म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो एका शब्दावर थांबतो.

पुढची दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. सासूबाई भुंग्याला घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि तिच्या अंगात निळ्या कॉलरचा पांढरा शर्ट चढवून बाहेर आल्या. बायकोने कपाटातून विटकरी रंगाचा चुण्यांचा स्कर्ट काढला आणि शर्टाकडे लक्ष न देता पोरीला तो घातला. मी पलंगाखालून काळे रबरी बूट ओढले, कारण गावच्या शाळेच्या अंगणात वर्षातले सहा महिने चिखल असतो. भुंगा मधोमध उभी राहिली आणि तिने स्वतःला आरशात पाहिलं.

"मी कुठल्या शाळेची आहे?" तिने विचारलं.

तेव्हा कुठे आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या एका मुलीचं नाव तीन शाळांच्या पटावर होतं. बायकोने शहरातल्या शाळेत घातलेलं, इथून दोन गल्ल्या पलीकडे, वाचनालयाला जाताना आईने भुंग्याला कितीदा तरी दाखवलेल्या. सासूबाईंनी उपनगरात. आणि मी गावात. तिघांनीही "आधी घालून ठेवू, मग सांगू" हाच विचार केला होता. याला म्हणतात एकविचाराचं कुटुंब.

मग जे भांडण झालं त्याचे शब्द मी लिहीत नाही. "तू मला जेवायला नेलंस ते यासाठी?" एवढं एक वाक्य मात्र खोल लागलं. खिडकीतले दात सगळं ऐकत होते. त्यातच खालून पहारेकऱ्याचा फोन आला, की कोंबड्यांचं चित्र असलेली कोणाचीतरी गाडी फाटकात आडवी लावली आहे आणि मागे चार गाड्या खोळंबल्या आहेत. दादा उठला. रागाच्या भरात त्याने अंडीही परत उचलली. "मी खाली जातो, तुम्ही पोरीला घेऊन या," तो म्हणाला. "कोणाला घेऊन या म्हणता?" म्हणत सासूबाई त्याच्यामागे. "आई, तू मध्ये पडू नकोस," म्हणत बायको सासूबाईंच्या मागे, जाता जाता सवयीने दार ओढून घेत. आणि "अगं, ऐक तरी," म्हणत मी सगळ्यांच्या मागे. प्रत्येकाला वाटलं, भुंगा दुसऱ्या कोणाच्या हाताला आहे. ती जिन्याच्या पायरीवर बसून डावा बूट चढवत होती.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, आणि ती सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आमच्या इमारतीची लिफ्ट चार माणसांची. वजन जास्त झालं की घंटा वाजते आणि दार लागत नाही. ती घंटा महिन्याभरापासून दोन माणसांतच वाजू लागली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या जाडजूड मास्तरांना ते फार लागलं होतं. रोज जिन्यात मला धरायचे. म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्या घंटेची तार काढून ठेवली. फक्त एका रात्रीपुरती, नवा भाग सकाळी बसवणार होतो. दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीने हे केलं असतं तर मी त्याला कामावरून काढा म्हणून स्वतः अर्ज दिला असता.

आम्ही चार माणसंच होतो, पण आमचा दादा मोजायला एक असला तरी वजनाला दीड आहे. त्यात दहा डझन अंडी आणि सासूबाईंचं दप्तर, ज्यात त्यांनी पहिलीच्या मुलीसाठी शब्दकोश घातला होता. लिफ्ट निघाली ती थोडी घाईतच निघाली. मला पायाला कळलं. वेग वाढला की खालची पकड दोन्ही बाजूंच्या रुळांना चावते, आणि एकदा चावली की ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही. धाडकन आवाज झाला. पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आम्ही थांबलो. वरच्या खोक्यातली अंडी दादाच्या सदऱ्यावर आली.

"लोंबकळतोय का आपण?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

"नाही. उलट इतके घट्ट बसलोय की मनात आणलं तरी पडणार नाही."

"मग सोडवा."

"बाहेरून सोडवावं लागतं."

"कोण सोडवतं बाहेरून?"

बायकोने तोवर भिंतीवरची पट्टी वाचली होती. लिफ्ट अडकल्यास या क्रमांकावर त्वरित संपर्क साधा. तिने फोन काढला आणि आकडे दाबले. माझ्या खिशात घंटी वाजली. आणि शपथेवर सांगतो, सवयीने मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "बोला, कुठली इमारत?"

बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते दुसऱ्या कोणाच्या नशिबी येऊ नये.

कंपनीतला दुसरा मिस्त्री शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसून घेऊन मग म्हणाला, "दीड तास."

तेव्हा वरून आवाज आला. "बाबा?"

बायकोने माझ्याभोवती पाहिलं, दादाच्या मागे पाहिलं, जणू पोर अंड्यांमागे असेल. "भुंगा तुझ्याजवळ नव्हती?" "मला वाटलं आजीजवळ." "मी कशाला, मी दप्तर धरलं होतं!"

"बाबा, लिफ्ट अडकली?"

"हो बाळा. तू घरात जा."

"दार लागलंय."

किल्ली माझ्या खिशात. मग चौघांनी एकाच वेळी चार सूचना दिल्या. मी म्हणालो तिथेच बस. बायको म्हणाली शेजारी जा. शेजारचे सकाळी सहालाच कामावर जातात. सासूबाई म्हणाल्या खोल श्वास घे. दादा म्हणाला घाबरू नकोस, आणि स्वतः इतक्या घाबऱ्या आवाजात म्हणाला की न घाबरणारं पोरही घाबरावं. मग भुंग्याने आपला प्रश्न धरला.

"शाळा किती वाजता आहे?"

"आठ," बायको म्हणाली. "नऊ," सासूबाई म्हणाल्या. "अकरा," मी म्हणालो.

"मग आठ आधी येतात," भुंगा म्हणाली.

आणि रबरी बूट जिना उतरू लागले. आमचा जिना लिफ्टच्या भोवतीने जातो. थप, थप, थप. आवाज वर होता, मग आमच्या बरोबरीला आला. एका भिंतीपलीकडे माझी मुलगी चालत होती आणि मी भिंतीला हात लावून उभा होतो. "भुंगा, थांब! थांब म्हणतेय ना!" बायको ओरडली. "उशीर होईल," असं ती म्हणाली, आणि बूट खाली खाली गेले. तिसरा. दुसरा. मग लोखंडी फाटक वाजलं, आणि काहीच ऐकू येईना.

पहारेकऱ्याला फोन लावला. तो दादाच्या गाडीपाशी हुज्जत घालत होता. "हो, आत्ताच गेली. टाटा केलं मला. तुम्ही मागून येताय ना?" शाळेच्या कार्यालयात फोन लावला. पहिला दिवस, कोणी उचलेना. पहारेकऱ्याला पुन्हा लावला, म्हटलं धावत जा तिच्यामागे, तर म्हणाला फाटक सोडता येत नाही, शिवाय ही गाडी कोण हलवणार? गाडीची किल्ली दादाच्या खिशात होती. त्या दिवशी सगळ्या किल्ल्या आमच्याकडे होत्या आणि आम्ही डब्यात होतो.

बायको माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"तुला हेच हवं होतं ना? एकटी जावी, आपल्या पायांनी? गेली बघ. आता हो खूष."

मी खूष नव्हतो. मी अडाण्यासारखा दाराच्या फटीत बोटं घालून ते ओढत होतो, मी, बारा मजल्यांच्या खड्ड्यात उतरणारा. दोन गल्ल्या. एक रस्ता ओलांडायचा, त्यावर बस वळतात. मी मनातल्या मनात तो रस्ता इतक्या वेळा ओलांडला की जन्मात खरंच तितक्या वेळा ओलांडला नसेल. वर्षभर मी ज्या गोष्टीसाठी भांडलो ती घडत होती, आणि ती थांबावी म्हणून मी कुठल्याही शाळेत, कुठल्याही उपनगरात, सासूबाईंच्या ओटीवरसुद्धा जन्मभर बसायला तयार होतो. तसं मी बोलूनही दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "आता माझ्या ओटीवर तुम्हाला जागा नाही." मग त्या स्वतःच खाली बसल्या आणि शब्दकोशाचं दप्तर कुशीत घेऊन रडू लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दादाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर अंड्याचा बलक त्यांच्या साडीला लागला. त्यांनी काही म्हटलं नाही. यावरून ओळखा.

बायकोने माझा हात धरला तो केव्हा, मला कळलं नाही. नखं रुतेपर्यंत धरला होता.

मिस्त्री सव्वा तासात आला. त्याने वरून चाक फिरवून लिफ्ट पाचव्या मजल्याला लावली आणि दार उघडताना तोंड उघडणार होता, पण आमची तोंडं पाहून त्याने ते मिटलं. आम्ही जिना कसा उतरलो ते आठवत नाही. सासूबाईंचे गुडघे त्या दिवशी कुठे गेले होते देव जाणे, त्या माझ्यापुढे होत्या. पहिली गल्ली, रस्ता, दुसरी गल्ली. शाळेच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि तिसऱ्या खिडकीत, दुसऱ्या बाकावर, निळ्या कॉलरचा शर्ट. भुंगा बाजूच्या मुलीला आपले बूट दाखवत होती.

बाई बाहेर आल्या. "हा गणवेश कुठला?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरचा," बायको म्हणाली, आणि तिथल्या तिथे रडायला लागली.

"हुशार आहे हो. म्हणाली, आईबाबा लिफ्टमध्ये आहेत, उशिरा येतील. मला वाटलं, खेळातलं काहीतरी सांगतेय." बाईंनी आम्हाला फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. साडेबाराला सुटेल म्हणाल्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान मांडणारा किल्लीवाला शाळेच्या फाटकाशेजारच्या दगडावर बसला होता. डुप्लिकेट किल्ल्या करून देतो, कुलपं उघडून देतो. त्याला सकाळी नऊच्या सुमारास दुकान सोडून तिथे बघून मला नवल वाटलं.

"आलात होय," तो उठत म्हणाला. "मी म्हटलं, कोणी आलं की जातो."

"तुम्ही इथे?"

"पोरगी एकटी निघालेली दिसली. अंगात एक, खाली भलतंच, पायात बूट. म्हटलं, काहीतरी घोळ आहे. टपरी बंद केली आणि निघालो मागून. हाक मारली नाही, उगीच बावरली असती. रस्त्यापाशी ती थांबली, दोन्हीकडे बघितलं, मग मोठ्या माणसांच्या घोळक्यात शिरून पलीकडे गेली. दोनदा मागे वळून पाहिलं तिने. मी खांबाला टेकून आपला आभाळाकडे बघत उभा." तो हसला. "तिला सांगू नका हं. तिला वाटतंय एकटी आली."

मी त्याचे दोन्ही हात धरले. मला काय बोलावं सुचेना. सुचेना तेव्हा माणूस मोठेपणा सांगतो, तसा मी सांगू लागलो, की बघा, कशी आली, अगदी माझ्यावर गेली आहे, मीसुद्धा सहा वर्षांचा असताना...

"तूही तसाच जायचास," मागून दादा म्हणाला.

"तसाच म्हणजे?"

दादा सदऱ्यावरचा वाळलेला बलक नखाने खरवडत होता. त्याला खोटं बोलता येत नाही हे मी आधीच सांगितलं. पण न बोलता राहता येतं, चौतीस-पस्तीस वर्षं राहता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"मागे मी असायचो," तो म्हणाला. "आईने बजावलं होतं. पन्नासएक पावलं मागे राहा, त्याला कळता कामा नये, नाहीतर पाय गळतील त्याचे. ओढ्यापाशी तू थांबायचास. फळीवर पाय ठेवायचास, मागे घ्यायचास. मग मी झाडामागून शीळ घालायचो. पाखरू आहे असं वाटायचं तुला. ते ऐकलं की जायचास पलीकडे."

ते पाखरू मला चांगलं आठवत होतं. कुठल्या जातीचं ते, हे मी कित्येकांना विचारलं होतं. शीळ घालून दाखवली होती.

"पण तुझी शाळा तर उलट्या बाजूला होती," मी म्हणालो.

"होती ना. म्हणून तर उशीर व्हायचा."

दादाला रोज उशीर व्हायचा. रोज वर्गाबाहेर उभा राहायचा. घरात आई सोडून सगळे त्याला आळशी म्हणायचे, वडील चारचौघांत म्हणायचे, मीही म्हणायचो, अगदी मागच्या वर्षीपर्यंत त्याच्या तोंडावर म्हणून झालं होतं. आई गेली, वडील गेले. ज्यांच्यासमोर त्याला सांगता आलं असतं ती माणसंही संपली, आणि तो कोंबड्यांना दाणे घालत राहिला.

मी शाळेच्या फाटकासमोर, किल्लीवाल्यासमोर, सासूसमोर, मोठ्याने रडलो. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, खाली बसा, डोकं गुडघ्यात घाला." मी बसलो. त्या माझी नाडी धरून उभ्या राहिल्या, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

साडेबाराला भुंगा बाहेर आली. चौघंही उभे दिसल्यावर तिला जरा कमीपणा वाटला असावा. "उद्या पण आठच ना?" तिने विचारलं. "आठच," मी म्हणालो, आणि वर्षभराचा वाद तिथे संपला. पोर शहरातच वाढणार. मग सासूबाईंनी शनिवार-रविवार मागितले, दादाने मोठी सुट्टी मागितली, आणि उद्या तिच्यामागून कोणी जायचं यावर घरी येईपर्यंत नवीन भांडण सुरू झालं. बायको म्हणाली मी, सासूबाई म्हणाल्या मी राहते आठवडाभर.

दुपारी दादा निघाला. उरलेली अंडी त्याने आमच्याच दारात ठेवली. मी त्याला खाली सोडायला गेलो, जिन्याने. गाडीपाशी मला राहवलं नाही.

"दादा, मागे यायचं थांबवलंस कधी?"

त्याने जरा विचार केला, खरंच आठवून पाहत असल्यासारखा.

"थांबवलं कुठे?" तो म्हणाला. "आज आलोच की."

त्याने गाडी सुरू केली. मी गल्लीच्या वळणापर्यंत तिच्यामागून चालत गेलो.